आम्ही टिनाला चुना लावला

अकोल्यात उष्णता शिकवायला फारसं साहित्य लागत नाही. मार्च संपत आला की दुपारी खिडकीचा गज धरायला सांगायचा, पोराला वहन कळतं. पश्चिमेच्या भिंतीपासून वीतभर दूर उभं करायचं, प्रारण कळतं. माठातलं पाणी पाजायचं आणि विचारायचं, हे गार कशानं झालं? यावर निम्मा वर्ग ‘फ्रिजनं’ म्हणतो आणि मग बाष्पीभवनाचा तास सुरू होतो.

मी माहेरची भातकुलीकडची, सासर अकोल्याचं. नोकरीची सगळी वर्षं एकाच शाळेत पाचवी ते आठवीला विज्ञान शिकवलं. शाळा धान्यबाजाराच्या मागच्या वस्तीत. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्याची किल्ली कधीतरी हरवली, तेव्हापासून ते उघडंच असायचं. तरी त्यातलं काही चोरीला गेलं नाही, कारण चोरण्यासारखं त्यात काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. आठवणी लिहा म्हणून या अंकाच्या संपादकांचा फोन आला, तेव्हा वाटलं होतं की मोठ्या हुद्द्यावर गेलेल्या विद्यार्थ्यांबद्दल लिहावं. पण लिहायला बसले आणि डोळ्यांसमोर आलं ते शाळेचं टिन. वऱ्हाडात पत्र्याला आम्ही टिनच म्हणतो.

आमचा धंदा तसा सोपा आहे. व्याख्या शेवटी सांगायची, आधी पोराला स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी बघू द्यायचं. अडचण एवढीच, की बघायची सवय लागली की पोरं कुठंही बघतात आणि काहीही करतात.

एकदा सहावीला ‘कचरा कुजतो कसा’ हे शिकवत होते. प्रत्येकानं घरून एक वस्तू आणायची आणि मैदानाच्या कोपऱ्यात पुरायची, असं ठरलं. कोणी केळीचं साल आणलं, कोणी सुती चिंधी, कोणी वेफर्सची रिकामी पुडी. मंगेश नावाच्या मुलानं कापडाचा छान रंगीत तुकडा आणला. दोन दिवसांनी त्याची आजी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी.

“इज्ञानाची बाई कोन हाये?”

“मी. या, बसा.”

“बसाले नाई आली. माह्या नव्या पातयाचा पदर कापला माह्या नातवानं. म्हने मॅडमनं पुरायले सांगतलं. मी अजून जित्ती हावो, मंग माह्या लुगड्याची माती कावून करता?”

मी त्यांना पाणी दिलं, प्रयोग समजावून सांगितला. त्यांना काही पटलं नाही. शेवटी म्हटलं, आजी, ज्या दिवशी उकरू त्या दिवशी तुम्ही या. त्या खरंच आल्या. खुर्ची टाकून बसल्या. केळीच्या सालाचा पत्ता नव्हता. सुती चिंधी हातात घेताच फाटली. आजींच्या नायलॉनच्या पदराचा तुकडा मात्र धुतल्यावर चकाकत होता आणि वेफर्सच्या पुडीवरची अक्षरंही वाचता येत होती. आजींनी पुडी उलटसुलट करून पाहिली.

“हे त माह्या मांगंही राहीन,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या भाजीला कापडी पिशवी न्यायला लागल्या की नाही, मला ठाऊक नाही. मंगेशला मात्र त्यांनी माफ केलं.

आता टिनाचं सांगते. आमच्या शाळेची मुख्य इमारत स्लॅबची, पण मागच्या बाजूला टिनाच्या दोन खोल्या होत्या. सातवीचे वर्ग तिथं भरत. कुंपणापलीकडच्या दोन मोठ्या कडुनिंबांची सावली त्या खोल्यांवर असे, म्हणून तिथं कोणाची तक्रार नव्हती. मग रस्ता रुंद करायचं निघालं. मी आणि मुख्याध्यापक वानखडे सर अर्ज घेऊन गेलो, झाडं वाचवता येतील का म्हणून विचारलं. झाडं कुंपणाबाहेरची, म्हणजे आमची नव्हेत, असं उत्तर मिळालं. हिवाळ्यात ती तोडली गेली. रस्ता खरोखर चांगला झाला, हेही सांगायला हवं.

पण त्या मार्चमध्ये खोल्यांत बसवेना. पंखा लावला की वरचीच गरम हवा खाली यायची. एक मुलगी प्रार्थनेनंतर चक्कर येऊन पडली. सकाळची शाळा सुरू झाली तरी दहा वाजेपर्यंत टिन तापून जायचं आणि पोरं वहीनं वारा घेत बसायची. त्याच दिवसांत माझा उष्णतेचा धडा चालू होता. दोन सारखे डबे घ्यायचे, एकाला काजळी फासायची, दुसऱ्याला चुना. दोन्हींत सारखं पाणी ओतून उन्हात ठेवायचे आणि तासाभरानं तापमापी बुडवून बघायची. काळा रंग उष्णता जास्त शोषतो, पांढरा परत पाठवतो. हा प्रयोग कधी फसत नाही, म्हणून मला तो आवडायचा.

त्या वर्षी सातवीत पायल होती. वडील गजानन बाजारात हमाली करायचे, आई सुनीता घरीच असे. पायल वर्गात क्वचित बोलायची. त्या दिवशी तिनं दोन्ही डब्यांत बोट घालून बघितलं आणि मग मान वर करून टिनाकडे पाहत राहिली.

“मॅडम, हे खरं असन त आपलं टिन पांढरं कावून नाई?”

आमचं टिन जुनं, गंजून तपकिरी झालेलं. त्या धड्यावरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला पाठ होती, पण हा प्रश्न त्यात नव्हता. मी म्हटलं, “कारण अजून कोणी केलं नाही.”

“मंग आपन करू.”

मी वानखडे सरांकडे गेले. माणूस भला, पण घाबरट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे गावंडे मॅडम, तुम्ही शाळेला चुना लावणार?” आणि स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसले. हसण्याच्या भरात परवानगीही देऊन टाकली. अट एकच, पोरं टिनावर चढायची नाहीत.

मग चढणार कोण? शाळेच्या फाटकासमोर रशीदभाईंचं कूलरचं दुकान होतं. पत्र्याचे कूलर ते स्वतः बनवत, दुरुस्तही करत. अकोल्यात उन्हाळ्यात डॉक्टरापेक्षा कूलरवाल्याला मान जास्त. मी त्यांना विचारलं, शिडी मिळेल का?

“शिडीसंगं मी बी भेटतो,” ते म्हणाले. “पन मॅडम, सोचा जरा. समद्याइचे टिन थंडे झाले त माहे कूलर कोन घेईन?”

तरी रविवारी ते शिडी घेऊन हजर. चुन्याचे खडे मी स्वतः विझवले. पाणी पडताच चुना उकळतो, वाफा येतात, डोळ्यांत उडाला तर फार वाईट. पोरांना लांब उभं करून मी तेवढ्यात रासायनिक अभिक्रियेचा धडाही उरकून घेतला. रशीदभाईंनी दोन्ही खोल्यांचं टिन झाडून पांढरं केलं. दुसऱ्या दिवशी वर्गात फरक जाणवला. पोरं खूश, मीही खूश.

चार-पाच दिवसांनी जोराचा वारा सुटला आणि आमचा चुना पापुद्रे होऊन उडाला. मैदानभर पांढरी भुकटी. वानखडे सर डोकं झटकत आले. “मॅडम, तुमचं विज्ञान माझ्या केसांत आलं,” म्हणाले. दोन-तीन शिक्षकही हसले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

सातवीतली पोरं मात्र हसली नाहीत. का उडाला, यावर त्यांची भांडणं चालली होती. मी म्हटलं, भांडून कळणार नाही, करून बघा. रशीदभाईंनी कूलरच्या पत्र्याचे उरलेले तुकडे दिले. पोरांनी एकावर नुसता चुना लावला, एकावर मीठ घातलेला, एकावर गव्हाच्या पिठाची खळ घातलेला, आणि एकावर सुतारकामाचा पांढरा गोंद मिसळलेला. तुकडे कुंपणावर वाळत ठेवले. रोज कोणीतरी पाणी मारायचं, फडक्यानं घासायचं. मिठाचा तुकडा थोडा बरा निघाला. खळीच्या तुकड्याला मुंग्या लागल्या आणि त्यांनी तो चाटून साफ केला. गोंदवाला घासूनही निघेना.

तो गोंदवाला तुकडा पायलचा. किती गोंद, किती पाणी, हे तिनं ढवळून ढवळून पक्कं केलं होतं. भज्याच्या पिठाइतकं घट्ट झालं की थांबायचं, असं ती सगळ्यांना सांगायची. पुढच्या रविवारी पुन्हा शिडी लागली आणि यावेळी चुना बसला तो बसलाच. छताखाली टांगलेल्या तापमापीतला पारा आधीपेक्षा चांगलाच खाली राहायचा. पण मला तिच्याहून जास्त खरं वाटलं ते हे, की तासाला वहीनं वारा घेणारे हात थांबले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. परीक्षा झाल्या, सुट्या लागल्या.

मे महिन्यात एका सकाळी पायल माझ्या घरी आली. चालत आली होती, चेहरा लाल झालेला. मी आधी तिला पाणी दिलं. ते पिऊन ती म्हणाली, “मॅडम, आमच्या टिनाले चुना लावून द्या. बाळ दूध पिऊन नाई राहिलं.”

तिच्या आईला महिन्यापूर्वी मुलगा झाला होता. बाळ मलूल पडलं म्हणून सरकारी दवाखान्यात नेलं. तापाचं औषध द्यायचं सोडून डॉक्टरांनी आधी विचारलं, राहता कुठं? अंगातलं पाणी कमी झालं होतं, ते त्यांनी भरून काढलं. वेळोवेळी अंगावर पाजा आणि थंड जागेत ठेवा, असं सांगून घरी पाठवलं. थंड जागा कुठून आणायची, हे काही त्यांच्या हातात नव्हतं. सुनीताबाईंची बहीण बाळापूरला राहायची, पण तिचंही घर टिनाचंच.

गजाननभाऊंनी रशीदभाईंकडून एक जुना कूलर वापरायला आणला होता. त्यानं आणखीच बिघडलं. कूलर म्हणजे मोठा माठच. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं आणि हवा गार होते. पण ओलसर झालेल्या त्या हवेला बाहेर जायला वाट लागते. पायलच्या खोलीला खिडकी नव्हती. ऊन आत येऊ नये म्हणून दारही लावून घ्यायचे. आत नुसतं दमट झालेलं. मी रशीदभाईंना सोबत घेऊन गेले, तर आत पाऊल टाकताच त्यांनी स्वतःच कूलर बंद केला.

“ये कमरे में कूलर काम का नाई, गजाननभाऊ,” ते म्हणाले. “ह्याले वरून इलाज करा लागते.”

वरचा इलाज करायचा तर घरमालकाला विचारणं भाग होतं. एका ओळीत टिनाच्या सात-आठ खोल्या, सगळ्या इंगळेकाकांच्या. शेवटची खोली त्यांनी स्वतःच्या पोत्यांसाठी ठेवली होती, ती पायलच्या खोलीला लागूनच. काका आले, ऐकलं आणि सरळ नाही म्हणाले.

“चुन्यानं टिन खाऊन जाते, मॅडम. मले शिकवू नका.”

मी म्हटलं, “बरोबर आहे तुमचं.”

मी भांडेन अशी त्यांची अपेक्षा असावी.

“नव्या टिनावर जस्ताचा लेप असतो. ओला चुना त्याला त्रास देतो, हे खरं आहे. पण काका, तुमच्या टिनावरचा लेप केव्हाच गेला. आता आहे तो गंज. चुन्यानं त्याचं आणखी काही बिघडेल असं मला वाटत नाही.”

“वाटत नाई म्हंजे? पक्कं सांगा.”

“पक्कं नाही सांगता येत. बाळाचं मात्र पक्कं सांगते, या खोलीत ते तगणार नाही.”

सुनीताबाई दारात बसून होत्या, बाळाच्या अंगावर ओलं फडकं. इंगळेकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. “हे एकच खोली करा,” म्हणाले. “बाकीच्याइले हात लावाचा नाई.”

रंग देऊन वाळेपर्यंत मायलेकरांनी कुठं राहायचं? रशीदभाईंच्या बायकोनं दोघांना आपल्या घरी नेलं. त्यांची मागची खोली स्लॅबची, दोन बाजूंनी खिडक्या. तिनं कोणाला विचारलं नाही, बाळाला उचललं आणि चालू लागली. त्या बाईचे आभार मानायचे राहून गेले, ते इथं मानते.

मिश्रण पायलनं केलं, चढले रशीदभाई. त्यांनी आणखी एक काम केलं. मालकाला विचारून मागच्या भिंतीत वर, टिनाखाली, दोन विटा काढून झरोका पाडला. गरम हवा वर जाते, तिला तिथून वाट मिळाली. दोन दिवसांनी सुनीताबाई बाळाला घेऊन परत आल्या. खोली काही महाबळेश्वर झाली नव्हती. मे महिना तो मे महिनाच. पण दुपारी दार उघडं ठेवून बसवत होतं आणि बाळ पुन्हा अंगावर प्यायला लागलं.

तिसऱ्या दिवशी मी गेले तर भर दुपारी इंगळेकाका तिथं. पायलच्या खोलीत उंबऱ्याशी बसले होते. थोड्या वेळानं उठून शेजारच्या, स्वतःच्या पोत्यांच्या खोलीत गेले. घाम पुसत बाहेर आले आणि पुन्हा पायलच्या खोलीत येऊन बसले.

“पानी द्या,” एवढंच म्हणाले. पाणी प्यायले आणि गेले.

मला वाटलं, आता बाकीच्या खोल्याही करू देतील. त्यांनी नाही करू दिल्या. मी दोनदा निरोप पाठवला. महिनाअखेरीस त्याच ओळीतले रामाजीबाबा, एकटे राहणारे म्हातारे, दुपारी खोलीत बेशुद्ध सापडले. लोकांनी दवाखान्यात नेलं, पण ते गेले. वय झालं होतं, आजारही होते. टिन पांढरं असतं तर वाचले असते असं म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय बोलू नये, हेच मी पोरांना शिकवत आले. तरी त्या म्हाताऱ्याची आठवण आली की अजून चुटपुट लागते.

शाळा सुरू झाली, पायल आठवीत गेली. हिवाळा संपता संपता एका सकाळी शिपाई सांगत आला, कोणी इंगळे म्हणून भेटायला आलेत. फाटकाबाहेर सायकलरिक्षा उभी होती. तिच्यावर चुन्याची पोती आणि गोंदाचे डबे. काका टोपी हातात घेऊन उभे. एवढ्या महिन्यांत बरेच थकल्यासारखे दिसले.

“मॅडम, ऊन तापाच्या आंधी समद्या खोल्या करून घेतो,” ते म्हणाले. “मानसं मी लावली हायेत, तुमचे पोट्टे नोका पाठवू. फक्त ते गजाननची पोरगी पाठवा. मानसाइनं काल एका खोलीवर लावलं, त सकाळी समदं हातालेच आलं. मिश्रन तिलेच जमते म्हन्तात.”

रामाजीबाबांचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.

शाळा सुटायला थोडाच वेळ होता. काका तेवढा वेळ फाटकाशीच थांबले. घंटा झाल्यावर मी पायलला बोलावलं. तिनं दप्तर पाठीला लावलं, रिक्षाजवळ जाऊन आधी एका डब्याचं झाकण उघडलं, गोंद बोटांत घेऊन पाहिला. मग पोत्यात हात न घालता नुसतं वाकून पाहिलं. काका तिच्यामागे उभे.

“चुना रातभर भिजवला होता का?” तिनं विचारलं.

“नाई. सकाळीच इझवला.”

“मंग हातालेच येईन. आज भिजवून ठेवा, उद्या गाळून घ्या, गोंद मंग टाकू. अन् आंधी टिन झाडून ठेवा. धुळीवर नाई बसत.”

“हो मॅडम,” काका म्हणाले.

मी सवयीनं “बोला” म्हटलं. कोणी वळून पाहिलं नाही. ते दोघं रिक्षामागून चालायला लागले होते आणि पायल त्यांना पुढचं समजावून सांगत होती.